दुसरा ताप

कोचेव्येच्या जंगलात लाकूड तोडत साठी गाठली,
गोचीड म्हणजे काय हे मला कोण शिकवणार?
संध्याकाळी पायरीवर बसायचं,
चिमट्यानं उपटायची, काडीपेटीवर चिरडायची,
वर प्लमच्या दारूचा एक घोट.
झालं औषध.

झोफ्का शाळेत स्वयंपाकाला होती.
शाळेनं सगळ्यांना टोचून घेतलं, तिनंही घेतलं.
तिन्ही डोस. पिवळं कार्ड
पिठाच्या डब्यामागे.
"तूही जाऊन ये," म्हणाली.
ती एकदाच म्हणते.
उरलेलं तिची भांडी म्हणतात.

तेव्हा दुकानात मी काय बोललो
ते शब्दन् शब्द आठवतं :
दिसेल ते भरून घ्यायला
माझं अंग काय दारूचं पिंप आहे?
ऑझबोल्ट गल्ल्यामागे पोट धरून हसला.
आणि एकदा हशा मिळाला की माणूस
त्या वाक्यावर घर बांधतो.
वीस वर्षं राहिलो मी त्या घरात,
भाडं न भरता.

जूनमध्ये लिंडन फुलला, माश्यांना उसंत नव्हती,
तेव्हा पहिला ताप आला.
चार दिवस अंग मोडून काढलं, पाचव्या दिवशी गेला.
मग आठ दिवस मी बरा होतो.
बरा म्हणजे किती,
कुंपण दुरुस्त केलं, गवत कापलं,
झोफ्काला म्हटलं, बघ.
आजार कुठं गेला नव्हता,
दाराशी बसून बूट सोडत होता
आत यायला.

दुसऱ्या तापाला मी पेटीचं झाकण धरून उभा होतो
आणि हातात धरलंय त्याला काय म्हणतात
ते सापडेना.
माश्या हातावर चढल्या, तरी सापडेना.
उजेड खिळ्यासारखा आत गेला.
मान लाकूड.

ल्युब्ल्यानाच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाई कोसोव्होकडची, व्लोरा नावाची,
माझ्या मुलीहून लहान.
पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं तिनं,
तेव्हा मी काही विचारलं नाही, हे कुठलं, ते कसलं,
पिंपासारखा पडून राहिलो.
मग कागद पुढे ओढत तिनं विचारलं,
"लस?"
झोफ्का खिडकीबाहेर बघत होती.
नाही हा शब्द मला मिळेना.
नुसती मान हलवावी
तर मान हलेना.
उत्तर कोणी दिलं, मला आठवत नाही.

"याला औषध नाही," व्लोरा म्हणाली,
"फक्त वाट बघायची."
शेजारच्या पलंगावरच्या गवंड्याला एक डोस झाला होता.
दुसऱ्याच्या तारखेला
स्लॅब पडत होता.
त्याला नळीतून सूप द्यायचे.
रात्री तो काहीतरी मोजत असायचा, बोटांवर.

चाळीस दिवसांनी घरी आलो.
शब्द परत आले, बरेचसे.
उजवा हात आला नाही, खांद्यापाशीच थांबला.
झोफ्का काही म्हणाली नाही,
भांडीसुद्धा हळू ठेवते हल्ली.
त्याचंच जास्त ऐकू येतं.

दुकानात आता कोणी हसत नाही.
नशीब, म्हणतात. दवाखान्यातलीच काही बाधा असेल, म्हणतात.
माझ्यासमोर आवाज बारीक करतात
आणि टोचून कोणी घेत नाही.
मीही काही सांगत नाही.
ज्या तोंडानं ते वाक्य म्हटलं
त्याच तोंडानं काय सांगू?

काल वरच्या फळीवरची बरणी हवी होती.
ऑझबोल्टनं स्टूल आणलं, काढून दिली, पुसली,
माझ्या डाव्या हातात ठेवली,
पण सोडली नाही.
"ती सुई," तो म्हणाला, "फार दुखते का रे?"

मला काय माहीत, मी म्हटलं.
झोफ्काला विचार.